मॅडम, आईला अडचण होती

मॅडम, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. बातमी फोनवर कळली तेव्हा मी डेट्रॉइटच्या एका हॉस्पिटलात वॉर्डावर नर्स होते. जेवणाची सुट्टी चालू होती. फोन ठेवला आणि उरलेला डबा मी शेवटच्या घासापर्यंत खाल्ला. भरल्या वांग्याची भाजी होती, चांगली झाली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी कोणत्या मनानं लिहायला बसलेय याबद्दल तुमचा गैरसमज व्हायला नको. तुमच्या फोटोला हार घालणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. निम्मं गाव तुमच्या हातून जन्माला आलंय, मीसुद्धा. पण मी हार घेऊन आलेली नाही, मी भांडायला आलेय. आणि आज तुम्हाला मधेच हात वर करून "सिस्टर, पुरे" म्हणता येणार नाही, याचा मला फार आनंद होतोय. रविवारची दुपार आहे, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या माझ्या घरात कोणी नाही आणि चहाचं पातेलं भरून ठेवलंय.

मी आता काय करते ते तुम्हाला सांगायला हवं, कारण तुमच्या वेळी आपल्याकडं असला प्रकार नव्हता. मी फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर आहे. नर्सच, पण वर आणखी शिकलेली. पेशंट तपासते, निदान करते, रक्त आणि सोनोग्राफी लिहून देते, औषधं लिहून देते, खाली सही माझी असते. कागदोपत्री एका डॉक्टरशी करार आहे, अडलं तर त्यांना विचारते, ते त्यांच्या खोलीत आणि मी माझ्या. सकाळी दोन महिन्यांच्या बाळाच्या लशी, मग एखाद्या आजोबांची शुगर, मग कॉलेजातल्या पोरीची पहिली आतून तपासणी, मग बाळंतीण होऊन सहा आठवडे झालेली आणि कारण नसताना रडणारी कोणी. तांबी बसवते, काढते. ज्यांची पाळी जात आलीय त्यांचं अंग तापणं, झोप उडणं, चिडणं ऐकून घेते. आपल्या लोकांना हे समजावणं मात्र अवघड. गेल्या संक्रांतीला इथल्या मराठी मंडळात एका काकूंनी मला कोपऱ्यात गाठलं. "म्हणजे तू डॉक्टर नाहीस ना?" म्हटलं, नाही. "मग प्रिस्क्रिप्शन कोण देतं?" मी. "आणि सही?" माझीच. "म्हणजे डॉक्टरच की गं." म्हटलं, नाही काकू. त्यांनी माझ्याकडं जरा संशयानं पाहिलं आणि तिळगूळ घ्यायला निघून गेल्या. त्यांचा मला राग येत नाही. सगळा राग मी तुमच्यासाठी राखून ठेवलाय.

प्रसूतिगृहाचा मागचा व्हरांडा तुम्हाला आठवत असेल. स्टोव्ह दोन. एकावर मोठ्या भगुण्यात इन्स्ट्रुमेंट्स उकळत, दुसऱ्यावर चहा. दोन्हींवर लक्ष माझ्या आईचं. तुमच्याकडं तिची सतरा वर्षं आया म्हणून गेली. बाळंतिणींचे कपडे तिनं धुतले, बाळांना पहिली अंघोळ तिनं घातली, रडणाऱ्या बायांच्या कमरेला हात देऊन उभी राहिली. तुमच्याहून चार वर्षांनी मोठी होती, तरी तुम्ही तिला नावानं, एकेरीत हाक मारायचात. ती तुम्हाला मॅडम म्हणायची आणि आत वावरताना अनवाणी असायची, कारण आयांनी चपला मागच्या दाराशी काढायच्या असा तुमचा नियम होता. सिस्टरांनी पांढरे बूट घालायचे, तुम्ही सँडल, पेशंटनं चप्पल तपासणीच्या टेबलाजवळ काढायची. कोणाच्या पायात काय, यावरून तुमच्या दवाखान्यात कोणाचंही स्थान ओळखता यायचं. माझं नर्सिंग नागपूरला झालं आणि मी तुमच्याकडंच नोकरीला लागले, त्या दिवशी आईनं माझे बूट स्वतःच्या पदरानं पुसले. तुम्हीही त्या दिवशी मला एक घड्याळ दिलंत, सेकंदकाटा असलेलं, नाडी मोजायला. "डिजिटल घेऊ नकोस कधी," म्हणालात, "काटा फिरताना दिसला पाहिजे." घड्याळ चांगलं होतं, हे मी नाकारत नाही.

तुम्ही शिकवायचात चांगलं, हेही नाकारत नाही. त्याचाच तर जास्त राग आहे. एकदा एक बाई खोकल्याचं औषध घेऊन निघाली होती. टेबलाखालची चप्पल पायानं ओढता ओढता म्हणाली, "आणि बाई, जरा अंगावरून जातंय दोन महिने." तुम्ही तिला परत झोपवलंत. ती गेल्यावर मला म्हणालात, "लक्षात ठेव, बाई खुर्चीवर बसून सांगते ते कारण असतं. चप्पल घालताना सांगते ते दुखणं. तेव्हा कान उघडे ठेवायचे." मी ते वहीत लिहून घेतलं. इथं अमेरिकेत माझ्या प्राध्यापकांनी हेच सांगितलं, फक्त त्यांच्याकडं चपलेऐवजी पेशंटनं निघताना धरलेली दाराची मूठ होती. सगळा वर्ग भराभर लिहून घेत होता, मी हाताची घडी घालून बसले होते.

आणि आपल्या गावचे शब्द तुम्हाला तोंडपाठ होते. कोणी पाळी म्हणायची, कोणी बाहेरची, पण जास्त करून बाया म्हणायच्या अडचण. "या महिन्याला अडचण आलीच नाही." "अडचण लई जाते, मॅडम." दिवसातून चाळीस वेळा तो शब्द तुमच्या कानावर पडायचा आणि त्याचा अर्थ लावायला तुम्हाला कधी क्षणभरही लागला नाही.

आता माझ्या रागाकडं येते. दसऱ्याच्या आसपासचे दिवस. तुमची मुलगी पहिल्या बाळंतपणाला अमेरिकेहून माहेरी आली होती, आठवा संपत आला होता, आणि तुमचं सगळं लक्ष तिच्याकडं. त्याच आठवड्यात तुम्ही मला सगळ्या ओपीडीसमोर झापलंत. एका गरोदर पोरीचा चेहरा आणि पाय सुजलेले पाहून मी केसपेपरवर लिहिलं होतं की हिचं बीपी आणि लघवी आजच बघावी. माझं चुकलं नव्हतं, तुम्ही नंतर तेच केलंत. पण आधी तुम्ही पेन घेऊन माझी ओळ खोडलीत, कागद वर धरलात आणि म्हणालात, "सिस्टर, निदान करणं माझं काम. तुम्ही टेंपरेचर लिहा." बाकावरच्या बाया हसल्या. मी टेंपरेचर लिहिलं.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी सकाळी तुम्ही व्हरांड्यात चहा घेताय. हातात मुलीच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट आहे. मी कपात चहा ओततेय. आई स्टोव्हपाशी उभी आहे, चिमटा हातात, आणि ती हळूच म्हणते, "मॅडम, मला जरा अडचण आहे." तुम्ही रिपोर्टवरून नजर न काढता म्हणता, "अडचणी सगळ्यांनाच असतात. दिवाळीनंतर बघू. आता सुट्टी मिळणार नाही हं, पोरीचं बाळंतपण तोंडावर आहे." आई म्हणते, "बरं." आणि चिमट्यानं भगुण्यातली इन्स्ट्रुमेंट्स काढायला लागते.

तिची पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती, मॅडम. बावन्न वर्षांची बाई. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर एक दिवस थांबायचं नाही, हे तुम्ही मला स्वतः दहा वेळा शिकवलंय. तोच शब्द कुठल्याही पेशंटनं टेबलाजवळ उच्चारला असता तर तुम्ही सँडल वाजवत उठला असता. पण तो आयाच्या तोंडून आला, म्हणून त्याचा अर्थ सुट्टी झाला. पेशंटला अडचण येते, नोकराला अडचणी असतात. आणि तुमच्या त्या चपलेच्या नियमात माझी आई बसणारच कशी? ती तुमच्यासमोर कायम अनवाणी होती. चप्पल घालायला ती तुमच्यादेखत कधी वाकलीच नाही. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, मी सगळं ऐकलं आणि मी गप्प राहिले, कारण टेंपरेचर लिहायचं होतं ना मला.

दिवाळीत तुमच्या नातवाचा जन्म झाला. वजन मीच लिहिलं. त्याला पहिली अंघोळ माझ्या आईनं घातली आणि पुढं सव्वा महिना रोज तुमच्या घरी जाऊन घातली, तिच्या स्वतःच्या अंगावरून रोज रक्त जात असताना. घड्या घातलेली जुनी लुगडी वापरायची आणि घरी येऊन परसात कोपऱ्यात धुवायची. तुमच्याकडची दिवाळी झाली, बारसं झालं, मुलगी बाळाला घेऊन परत अमेरिकेला गेली, आणि आईची सुट्टी कोणाच्या लक्षातही राहिली नाही. उन्हाळ्यात ती व्हरांड्यातच चक्कर येऊन पडली. नागपूरला नेली तेव्हा पिशवीचा कॅन्सर पोटभर पसरलेला होता. मी रजा मागायला तुमच्या खोलीत आले. तुम्ही चष्मा काढलात, खरोखर वाईट वाटलं तुम्हाला, डोळे भरले. आणि तशा भरल्या डोळ्यांनी तुम्ही दुसऱ्या सिस्टरकडं वळून म्हणालात, "बघ, यांच्यात हेच. दुखणं अंगावर काढतात, सांगत म्हणून नाहीत."

यांच्यात! आमच्या घरात निळ्या कोटातला फोटो होता, आमची आई दर रविवारी विहारात जायची आणि आम्हाला शाळेत घालण्यासाठी लोकांची बाळंतपणं काढायची. तुम्ही यांच्यात म्हणालात त्याचा अर्थ त्या खोलीत प्रत्येकाला कळला होता. अंगावर काढलं नव्हतं तिनं. तिनं सांगितलं होतं, तुमच्या तोंडावर, तुमच्याच धंद्यातल्या शब्दात. आई पावसाळा संपायच्या आत गेली. मी पुन्हा तुमच्या दवाखान्यात पाय ठेवला नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. इथं आले ते फक्त शिकायला नाही, तुमच्यापासून लांब जायला आले. वॉर्डावर पाठ मोडेपर्यंत काम केलं, मग मास्टर्स, मग परीक्षा. ज्या दिवशी पहिल्या प्रिस्क्रिप्शनवर सही केली त्या दिवशी गाडीत बसून मोठ्यानं म्हणाले, "टेंपरेचर लिहा म्हणे!" शेजारच्या गाडीतला माणूस बघत होता, बघू दे. मनात एक दृश्य मी इतकी वर्षं घोटून ठेवलं होतं. कधीतरी तुमच्या घरातलं कोणीतरी माझ्या टेबलावर येईल, आणि मी रिपोर्टवरून नजर न काढता म्हणेन, अडचणी सगळ्यांनाच असतात. स्वतःलाच हसू यायचं. एवढ्या मोठ्या देशात कोण कशाला येतंय माझ्याकडं!

तुमची मुलगी आली. गेल्या हिवाळ्यात, बर्फ पडत होतं त्या दिवशी, नवऱ्याबरोबर. इथंच ट्रॉयमध्ये राहते, आमच्या क्लिनिकपासून दहा मिनिटांवर. नवरा गाड्यांच्या कंपनीत आहे. तिचे नेहमीचे डॉक्टर रिटायर झाले म्हणून बीपीच्या गोळ्या आणि वार्षिक तपासणीसाठी माझ्या नावावर पडली होती. मी दार उघडलं आणि ओळखलं. तुमचंच नाक, आणि चष्मा बोटानं वर सरकवायची तुमचीच ढब. तिनं मला ओळखलं नाही, ओळखायचं कारणही नव्हतं. लग्नानंतरचं आडनाव, पिकलेले केस, आणि सिस्टरकडं निरखून बघतंय कोण? तिनं माझा बॅज वाचला. "So you are the nurse? डॉक्टर कधी येणार?" म्हटलं, आज मीच तपासणार आहे. "अच्छा, तुम्ही मराठी! कुठल्या?" म्हटलं, विदर्भातली. तिचा चेहरा खुलला. "अय्या, आम्हीपण! माझ्या आईचं तिकडं मोठं प्रसूतिगृह होतं. She was a legend, you know." आणि मग जरा ओशाळून, "Don't mind हं, आई गायनॅक होती म्हणून मला ना डॉक्टरांचीच सवय आहे. बीपी वगैरे तुम्ही बघा, पण internal वगैरे मी डॉक्टरांकडूनच करीन." म्हटलं, चालेल, पण त्यांची तारीख साडेतीन महिन्यांनंतरची आहे. "No problem," ती म्हणाली.

मी सगळे प्रश्न नियमानं विचारले. पाळी कधी गेली? "दोन-अडीच वर्षं झाली." त्यानंतर कधी रक्त, डाग? तिनं पटकन नवऱ्याकडं पाहिलं, तो फोनमध्ये होता. "No, no, nothing." मी तसं टाइप केलं. बीपी थोडं चढलं होतं, गोळी बदलली. नवरा गाडी दाराशी आणायला बाहेर गेला. ती खाली वाकून बुटांची चेन ओढायला लागली, ते घोट्याच्या वरपर्यंतचे बर्फातले बूट असतात ना, तसले. मी दाराच्या मुठीवर हात ठेवला होता. आणि ती वाकलेली असतानाच, वर न बघता, मराठीत म्हणाली, "तशी एक छोटीशी अडचण होती... जाऊ दे, मी डॉक्टरांनाच विचारीन."

तुमच्या दवाखान्यात वाढलेली मुलगी, मॅडम. सगळं इंग्रजीत बोलते आणि नेमकं ते एक सांगायला बाळपणी बाकावरच्या बायांकडून ऐकलेला शब्द उचलते. मला सगळं एकदम ऐकू आलं. स्टोव्हची फरफर, चिमट्याचा आवाज, आईचं "बरं". आणि मी म्हणाले. घोटून ठेवलेलं वाक्य, तुमच्याच आवाजात, तुमच्याच चालीवर. "अडचणी सगळ्यांनाच असतात, ताई." ती कसनुसं हसली. "हो ना," म्हणाली, आणि दुसऱ्या बुटाची चेन ओढली.

इतकं बरं वाटलं मला, काय सांगू! मी बाहेर आले, दार लावलं आणि कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी राहिले. मनगटावर तुमचं घड्याळ आहे, अजून चालतं, दोनदा पट्टा बदललाय. मी सेकंदकाटा बघत राहिले. ती बाहेर येऊन काउंटरवर गेली. साडेतीन महिन्यांनंतरची तारीख घेतली, कार्ड पर्समध्ये ठेवलं. काटा फिरत होता. कोणी मला दोष देऊ शकलं नसतं. मी प्रश्न विचारला होता, तिनं नाही म्हटलं होतं, कॉम्प्युटरमध्ये तसं लिहिलेलं होतं. डॉक्टर हवेत म्हणाली, डॉक्टर दिले. तुमच्या नातवाला पोरकं करायला मला काहीही करावं लागणार नव्हतं. फक्त उभं राहायचं होतं. ती पार दाराबाहेर जाऊन गाडीत बसेपर्यंत मी उभी राहिले, मॅडम. चार मिनिटं आणि वर थोडं. तुमच्या घड्याळानं मोजलेली.

मग मी कोट न घालता बर्फात धावले. पातळ बूट, पाय घसरत होते. गाडी निघालेली होती, मी काचेवर थाप मारली. नवऱ्यादेखत काय बोलणार? म्हटलं, "ताई, एक मिनिट आत या, बीपी परत घ्यायचं राहिलंय." खोलीत आणून दार लावलं आणि तिच्या समोर खालच्या स्टुलावर बसले. म्हटलं, "अडचण म्हणजे रक्त जातंय ना? कधीपासून?" ती दचकली. मग रडायला लागली. चार महिने. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, मुलाला सांगायचा प्रश्नच नव्हता, आणि दर वेळी स्वतःला समजावत होती की स्ट्रेस असेल. "तुम्हाला कसं कळलं? I mean, हा शब्द इथं कोणाला..." आतून तपासायला तिनं हो म्हटल्यावर मी स्पेक्युलम गरम पाण्याखाली धरला, आधी तिच्या मांडीला टेकवून विचारलं, गार नाही ना? हीसुद्धा तुमचीच शिकवण. पिशवीच्या तोंडातून रक्त येत होतं. त्याच आठवड्यात सोनोग्राफी, मग आतला तुकडा तपासायला. कॅन्सरच निघाला, पण पिशवीतल्या पिशवीत. पिशवी काढली. आज ती बरी आहे. तुमची मुलगी जिवंत आहे आणि ते मी केलंय, एका सिस्टरनं.

उन्हाळ्यात ती मला भेटायला आली. बरोबर एक साडी आणि घरी केलेल्या करंज्या. डोळे पुसून म्हणते कशी, "तुम्ही देवासारख्या धावलात. पण खरं सांगू? मला वाटतं आईचीच पुण्याई. ती असती तर तिनंही अस्संच ओळखलं असतं. आई नेहमी म्हणायची, बाई चप्पल घालताना खरं..." मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. मी म्हटलं, "खरं दुखणं सांगते. माहीत आहे मला. माझ्या आईनं शिकवलं." तिनं विचारलं, "तुमच्या आईपण डॉक्टर?" म्हटलं, "नाही. एका प्रसूतिगृहात आया होती. फार हुशार बाई. तिच्या हाताखाली मोठमोठ्या डॉक्टर शिकल्या." ती म्हणाली, "Wow. कुठलं प्रसूतिगृह?" म्हटलं, "होतं एक. बंद पडलं. आता तिथं मोबाईलचं दुकान आहे." ते खरंच आहे, गेल्या खेपेला मी मुद्दाम त्या रस्त्यानं रिक्षा घेतली होती. ती गेल्यावर मी करंज्या सगळ्या स्टाफला वाटल्या, साडी ठेवून घेतली. तुमचं सगळ्यात चांगलं वाक्य मी तुमच्याकडून काढून घेतलं आणि आईच्या नावावर केलं. आता तुमची मुलगी ते माझ्या आईचं म्हणून सगळीकडं सांगते. परवा मंडळात त्या संक्रांतीच्या काकूंनी मलाच ऐकवलं, "एक आयाबाई म्हणायच्या म्हणे..." मी मान डोलावली. इतकी वर्षं वाट पाहून हाती आलेला सूड एवढासाच आहे, पण मला पुरतो.

तर असं आहे. हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट मी अजून लिहिलेली नाही. चहा संपलाय, ती लिहून टाकते. त्या सकाळी व्हरांड्यात आईनं तुम्हाला सांगितलं, त्याच्या आदल्या संध्याकाळी ती घरी मेथी निवडत बसली होती आणि मी युनिफॉर्मला इस्त्री करत होते. अजून तुमच्यावर धुमसत होते, टेंपरेचरवरून. ती मेथीवरून नजर न काढता म्हणाली, "बाळा, मला परत अडचण यायला लागलीय गं. काय असेल?" पाळी गेल्यावर पुन्हा दिसणाऱ्या रक्ताबद्दलच्या ओळीखाली मी पुस्तकात लाल रेघ मारलेली होती. मला माहीत होतं. आणि मी कॉलर उलटी करून त्यावर इस्त्री फिरवत म्हणाले, "मला काय विचारतेस? मी काय डॉक्टर आहे? मॅडमना सांग."